स्मिथांचे कुलचिन्ह

इंग्लंडमध्ये सर्वाधिक आढळणारे आडनाव स्मिथ. अमेरिकेतही तेच, 2010च्या जनगणनेत तिथे 24 लाखांवर स्मिथ निघाले. एवढे गिऱ्हाईक असल्यावर धंदा होणारच. नाव सांगा, पैसे मोजा, की ढाल, शिरस्त्राण आणि लॅटिन ब्रीदवाक्य छापलेला ‘स्मिथ घराण्याचा’ कॉफीमग हातात पडतो.

पण घराणे कुठले? स्मिथ म्हणजे धातू घडवणारा, बहुधा लोहारच. मध्ययुगीन इंग्लंडात नांगराचा फाळ बोथटला, घोड्याचा नाल निसटला, दाराची बिजागरी मोडली, की लोहाराचा भाता गाठण्यावाचून गत्यंतर नसे. त्यामुळे गावोगावी लोहार होते. गावात चार जॉन असले, तर करवसुलीच्या यादीत कारकून एकापुढे ‘लोहार’ लिहून मोकळा होई. पुढे तेराव्या-चौदाव्या शतकांत ही ओळख वंशपरंपरेने चिकटत गेली. पोरगा विणकर झाला तरी स्मिथच राहिला. यॉर्कशरच्या स्मिथचे केंटच्या स्मिथशी त्यामुळे काडीचे नाते असायचे कारण नाही. आडनावात ‘आय’ऐवजी ‘वाय’ लिहून जरा वरच्या पायरीवर बसू पाहणाऱ्यांनीही फार ताठू नये. त्या काळी कुठले अक्षर घालायचे, ही कारकुनाची मर्जी होती.

अमेरिकेतला गुंता तर याहून मोठा. आयरिश लोहारांच्या वंशजांनी इंग्रजी अमलाखाली आपल्या मूळ नावाचे स्मिथ करून घेतले आणि तेच नाव घेऊन ते समुद्रापार गेले. पहिल्या महायुद्धात जर्मनद्वेष उसळला, तेव्हा कित्येक श्मिट मुकाट्याने स्मिथ झाले. आणि 2010च्या त्याच जनगणनेत स्मिथांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा कृष्णवर्णीयांचा आहे. त्यांच्या पूर्वजांपैकी कुणाला मळेवाल्या मालकाचे नाव चिकटले, तर कुणी गुलामगिरीतून सुटल्यावर हे आडनाव स्वतः निवडले.

या सगळ्यांना एकच ढाल! लंडनचे कॉलेज ऑफ आर्म्स हे 1484 पासूनचे कुलचिन्हांचे अधिकृत दप्तर. आडनावाला कुलचिन्ह नसतेच, असे ते स्वच्छ सांगते. कुलचिन्ह एखाद्या व्यक्तीला मिळते आणि तिच्या वंशजांकडे जाते. नामसाधर्म्याने कुणाचे होत नाही. (आपल्याकडे ‘अमुक आडनावाचा जाज्वल्य इतिहास’ म्हणून मोबाइलवर जे फिरते, त्याची जातकुळी हीच.)

कूळ शोधायचेच तर इंग्लंडच्या चर्चने ठेवलेल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या वह्या आहेत. 1538 साली राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने त्या सुरू झाल्या. एकाच वहीत दोन-तीन जॉन स्मिथ सापडले, की शोधणाऱ्याची तारांबळ उडते, पण निदान नावे तरी मिळतात. अमेरिकेतल्या गुलामांच्या वंशजांच्या नशिबी तेही नाही. 1850 आणि 1860च्या जनगणनांत गुलामांच्या याद्या मालकाच्या नावाखाली झाल्या. त्यांत वय, लिंग आणि वर्ण भरला. नाव क्वचितच कुणाचे लिहिले.