हळदीचा डाग आणि निळं पाणी

परवा मावळात आंबीच्या पुलावर ओळखीचा एक संशोधक मुलगा भेटला. त्यानं लगेच मोबाइल पुढे केला. एका फोटोत निळंशार पाणी, दुसऱ्यात नितळ. ‘‘सर, दीड तासात! नुसत्या उन्हात.’’ रंग कोणता, हे विचारायचीही गरज नव्हती. मेथिलीन ब्लू! या मंडळींच्या बीकरात दुसरी घाण शिरतच नाही.

उन्हाच्या बळावर पाण्यातली घाण मोडायची, ही कल्पना चांगली आहे, हे कबूल. टायटॅनियम डायऑक्साइडची प्रकाशातली करामत फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ सालीच जगापुढे मांडली. घोडं अडतं ते त्याच्या भुकटीपाशी. पाण्यात टाकली की ती परत हाती लागत नाही. म्हणून ती समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटमध्ये कालवायची आणि कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात थेंबथेंब सोडायची. साबुदाण्यासारखे मणी तयार होतात. काम झालं की चाळणीनं उपसा. कोळंबीच्या सालीपासून काढलेलं कायटोसानही याच कामाचं.

पण हळदीचा डाग आठवा. आजी डाग पडलेलं धोतर घासत बसायची नाही, उन्हात टाकायची. संध्याकाळी डाग गायब! गेला तो पिवळेपणा. रेणू मोडला तरी त्याचे बिनरंगी तुकडे उरतातच. निळ्या पाण्याचंही तसंच होऊ शकतं. त्यात आणखी एक गोम आहे. हा रंग धनभारित, अल्जिनेट ऋणभारित. मणी त्याला नुसते शोषूनही घेतात. म्हणजे निळाई पाण्यातून उठून मण्यात जाऊन बसली आणि श्रेय मिळालं सूर्याला. आपलं नदी सुशोभीकरण याहून वेगळं काय असतं? काठाला फरशी बसली, की नदी स्वच्छ!

‘‘एक बाटली अंधारात ठेवली होतीस?’’ मी विचारलं. तो कठड्यावरून खाली इंद्रायणीकडे बघू लागला.

शिवाय टायटॅनियम डायऑक्साइडला लागतात अतिनील किरण, उन्हाच्या ऊर्जेतला जेमतेम ५ टक्के वाटा. आणि मावळात आषाढात ऊन मागायचं कुणाकडे?

तेव्हा बाळा, निळी पूड ठेव बाजूला. याच पुलाखालचं पाणी भर. मणी घालून एक बाटली उन्हात ठेव, एक अंधारात. तिसरीत साध्या पाण्यात नुसते मणी घालून तीही उन्हात ठेव, कारण हे मणी स्वतःच झिजून पाण्यात उतरू शकतात. मग फोटो नको, तिन्हींच्या सीओडीचे, म्हणजे पाण्यात उरलेल्या सेंद्रिय घाणीच्या मापाचे, आकडे आण. याच जागी छापतो.