घरातील गानसेवा : निवड आणि क्रम

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस पार्थिव गणेशाची प्राणप्रतिष्ठा झाली की दीड, पाच, सात वा दहा दिवस घराचे रूपच पालटते. मखर सजते, दूर्वांच्या जुड्या होतात, मोदकांचा घमघमाट सुटतो. त्यातच एका संध्याकाळी घरच्याच मंडळींनी देवापुढे गाण्याचा कार्यक्रम करावा, असा परिपाठ अनेक कुटुंबांत आढळतो. तो आम्हांस मनापासून प्रिय आहे. तथापि, मखराला रंग कोणता द्यावा यावर चार दिवस खल करणारी मंडळी पदांच्या निवडीचा मात्र क्षणभरही विचार करीत नाहीत. ज्याला जे आठवेल ते त्याने म्हणावे, या न्यायाने कार्यक्रम सुरू होतो आणि कोठेतरी थांबतो. याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

अकराव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात औचित्य हेच रसाचे जीवित मानले. गळ्यात मेखला आणि कमरेवर हार घातला तर दोन्ही अलंकार सोन्याचे असूनही हसेच होते, हा त्याच्या विवेचनाचा आशय. पदांचेही तसेच आहे. आरंभीच विरहाची करुण रचना आणि शेवटी गणेशवंदन, असा क्रम लागला तर दोन्ही पदे उत्तम असूनही व्यर्थ होतात.

क्रम लावण्यासाठी नवे शास्त्र शोधण्याची गरज नाही. ते आपल्या परंपरेत सिद्धच आहे. नारदीय कीर्तनात आधी नमन, मग पूर्वरंगातील मूळपद व त्याचे निरूपण, मध्ये नामगजर, नंतर उत्तररंगातील आख्यान आणि अखेर आरती अशी मांडणी असते. श्रोत्याचे मन प्रथम स्थिर व्हावे, मग विचारात शिरावे, नामाने मोकळे व्हावे, कथेत रमावे आणि शेवटी शरण जावे, हे त्यामागील मर्म होय. पंढरपुरी श्रीविठ्ठलाच्या मंदिरात काकडआरतीपासून शेजारतीपर्यंत देवाचा दिवस ज्या ओघाने उलगडतो, त्यातही हेच तत्त्व दिसते. शेजेची वेळ झाल्यावर कोणी भूपाळी आळवीत नाही.

घरच्या कार्यक्रमास सव्वा तास पुरे. एका पदास सहा मिनिटे धरली तर दहा पदांचा एक तास होतो. उरलेली पंधरा मिनिटे नामगजरास आणि प्रत्येक पदापूर्वी त्याचा अर्थ दोन वाक्यांत सांगण्यास ठेवावी. पहिले पद गणेशाचे, दुसरे सरस्वतीचे वा गुरूंचे. मग संतांचे दोन अभंग, त्यानंतर सर्वांनी मिळून नामगजर. पुढे एखाद्या कथेला धरून तीन-चार पदे, मग एखादी गौळण किंवा भारूड, शेवटी भैरवी आणि आरती. सगळीच पदे आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात आली तर कान कंटाळतो. मधे एखादे सहा मात्रांच्या दादऱ्यात, एखादे सात मात्रांच्या रूपकात घ्यावे. वेळेचेही भान असावे. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच, परंतु पहिला राग रात्रीच्या प्रथम प्रहराचा व दुसरा सकाळचा. संध्याकाळच्या बैठकीस भूपच शोभतो.

कथेच्या ओघाचे सामर्थ्य किती, याचे उदाहरण ‘गीतरामायण’ होय. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून ते प्रसारित होऊ लागले. ग. दि. माडगूळकर यांची रचना, सुधीर फडके यांचे संगीत, आणि एकूण 56 गीते. त्यातील तीनच गीते गावयाची असली तरी ती कथेच्या क्रमाने गावी. वनवासानंतर स्वयंवर आले तर ऐकणाऱ्या बालकाच्या मनात रामकथाच उलटीपालटी होते.

चित्रपटातील पदे घ्यावीत काय, असा प्रश्न आम्हांस नेहमी विचारला जातो. पद कोठून आले यापेक्षा ते कोणास उद्देशून आहे, हे पाहावे, असे आमचे मत आहे. प्रभातच्या 1936 सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेले एक पद इतके अभंगरूप उतरले की पुष्कळांनी ते तुकोबांचेच मानले. अशा पदास देवापुढे मज्जाव कोण करील?

मात्र एका गोष्टीस आमचा स्पष्ट विरोध आहे. ती म्हणजे तयार वाद्यसंगीत यंत्रावर लावून मूळ गायकाच्याच पट्टीत गाण्याचा अट्टहास. काळी एक ही पट्टी वडिलांस सोयीची, तर सुनेस पांढरी पाच. पेटी वाजवणारा घरचा असला की तो गळ्याकडे पाहून पट्टी बदलतो, आणि गाणारा अडखळला तर थांबतो. यंत्र कोणासाठी थांबत नाही. पेटी नसेल तर टाळ पुरेत. टाळही नसतील तर टाळी आहेच.

यावर कोणी म्हणेल, सण आहे, परीक्षा नव्हे; ज्याला जे रुचेल ते गाऊ द्या, क्रमाचे बंधन कशाला? आमचे उत्तर असे की, क्रम नसला म्हणजे मोठ्या आवाजाचे राज्य होते. ज्याचा गळा तयार, तो चार पदे गातो. ज्याचा कापरा, तो सतरंजीच्या कडेस बसून राहतो. त्या कडेस बहुधा घरातील आजी असते. जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीची गाणी, माहेराहून आणलेली गणपतीची पदे तिच्या ओठांवर असतात. त्यांतील कित्येक कोठेही छापलेली नाहीत. ती जाणारी शेवटची व्यक्ती गेली की कोणत्याही ग्रंथालयात त्यांचा शोध लागत नाही.

म्हणून पदांची यादी करावयास बसाल तेव्हा पहिले नाव आजीचे लिहा. तिला आरंभी बसवू नका, कारण तेव्हा पाहुण्यांची ये-जा चाललेली असते. आणि शेवटी तर नकोच, कारण तेव्हा मुले पेंगुळलेली असतात. नामगजर संपून बैठक स्थिर झाली की तिचे पद यावे. नातवंडांपैकी एकाने ते आधीच वहीत उतरवून घ्यावे व तिच्यामागे म्हणावे. सूर हलला तरी हरकत नाही. गणरायापुढे बसून एका पिढीचे पद दुसऱ्या पिढीच्या कंठी गेले, तर त्या संध्याकाळच्या सेवेत काही उणे राहिले असे आम्ही तरी म्हणणार नाही.