ही आकडी कशाची?

परळ, नायगाव, वरळी भागांतल्या जुन्या चाळी पाडल्या जात आहेत. सामान आवरताना माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. तिच्यात आजोबांचा गिरणीचा पास निघतो, पितळी बिल्ला निघतो आणि कधीकधी असे एखादे हत्यार निघते, की घरात कोणालाच त्याचे नाव सांगता येत नाही. वीतभर लांब, पोस्टकार्डासारखी पातळ पोलादी पट्टी. टोकाला बारीक खाच. दुसऱ्या बाजूला मूठ. सुरी म्हणावी तर धार नाही, टोच्या म्हणावा तर टोक नाही. मग ते भंगारात जाते. आमची विनंती आहे, की त्याआधी पाच मिनिटे ते हातात घ्या.

हत्यार ओळखायला मोठी विद्या लागत नाही. ते कुठे झिजले आहे ते पाहा. मूठ अंगठ्याखाली गुळगुळीत झाली असेल, तर ते रोजच्या वापरातले होते. पट्टी इतकी पातळ का? अरुंद फटीतून घालायची म्हणून. खाच कशाला? पलीकडचे काहीतरी ओढून आणायला. केसांच्या फणीच्या दातांमधून ती पट्टी सरकवून पाहा, म्हणजे उलगडा होईल. कापड विणण्याच्या साच्यालाही अशीच एक पोलादी फणी असते. प्रत्येक उभा धागा आधी एका बारीक डोळ्यातून आणि मग या फणीच्या फटीतून ओढून घ्यावा लागतो. इंचाला ६० धागे धरले, तर ३६ इंच पन्ह्याच्या कापडाला २१६० धागे झाले! त्यातला एक तुटला तरी तो पुन्हा जागेवर आणायचा. त्यासाठी ही पट्टी. पट्टीऐवजी लांब गोल तार असेल, तर ती डोळ्यातून धागा ओढण्याची.

आणि बोटाएवढी आखूड, वाकड्या टोकाची तारेची आकडी सापडली, तर ती धोट्याची असू शकते. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि तिचा धागा धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचा. हे काम आकडीने होते. पण पुष्कळ गिरण्यांत विणकर भोकाला ओठ लावून श्वासाने धागा ओढून घेत. तुटलेला धागा सांधतानाही तो तोंडात धरून ओला करीत.

एवढ्याशा गोष्टीने आपल्या माणसांच्या पोटावर पाय आला. मुंबईच्या गिरण्यांत साळखात्याचा पगार चांगला. पण तिथे अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. त्याचे तोंड लागलेल्या धोट्याला आम्ही तोंड कसे लावावे, असे सवर्ण विणकर म्हणत. म्हणून आपली माणसे बहुतेक कमी पगाराच्या कताईच्या खात्यांतच राहिली. १९२८ साली गिरण्यांचा सार्वत्रिक संप झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावले, की सर्व खात्यांत आमच्या कामगारांना काम मिळाले पाहिजे, ही मागणीही घ्या. पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घेतली.

आता ती आकडी पुन्हा पाहा. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने धागा ओढायचे धोटे १९११ सालीच कायद्याने बंद केले. तिथे प्रश्न रोगराईचा होता. इंग्लंडमधल्या लँकेशायरला ही बंदी १९५२ साली आली. म्हणजे तोंड न लावता साचा चालवता येतो, हे १९२८च्या आधीच जगाला ठाऊक होते. तुटका धागा ओला करायला पाण्याची वाटी पुरते. अडचण धोट्यात नव्हती, माणसांच्या मनात होती.

मात्र आकडी सापडली म्हणून आजोबा साळखात्यातच होते, असे लगेच ठरवू नका. ती कोणी दिलेली असेल, कोठून उचलून आणलेली असेल. पास, पगाराची चिठ्ठी, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद यांवर खाते लिहिलेले आहे का ते बघा. शेजारच्या जुन्या कामगारांना दाखवा. नाव विचारू नका, "हे कसं धरायचं?" असे विचारा. नाव विसरलेले असते, हाताला मात्र आठवते. आजीलाही विचारा. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत बहुतेक बायकाच असत, तिलाही गिरणी ठाऊक असेल.

हत्याराला पॉलिश पेपरने घासू नका. झिजेच्या खुणा आणि कोरलेली अक्षरे त्यानेच जातात. कोरड्या फडक्याने पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावा. मग एका चिठ्ठीवर माणसाचे नाव, गिरणी, खाते आणि साल लिहून ती हत्याराला बांधा. मुलांकडून लिहून घेतलीत तर अधिकच चांगले.

१९८२च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांत राबलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. भंगारवाला या लोखंडाचे चार रुपये देईल. आपल्या आजोबांना कोणत्या दारातून आत घेतले आणि कोणत्या दाराशी अडवले, हे मुलांना सांगायचे असेल, तर ते लोखंड घरातच राहू द्या.