वाइन बारमध्ये जाताना...

‘ताई, तुम्ही दारूबंदीचं काम करता आणि वाइन बारमध्ये कसं वागायचं ते सांगताय?’ असा प्रश्न काही मैत्रिणींना पडेल. पडू दे. आडव्या बाटलीसाठी दारोदार फिरून सह्या गोळा करणाऱ्यांतली मीही एक. आणि म्हणूनच हा विषय आपल्या पानावर यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

कारण साधं आहे. आता आपल्यासारख्या गावांतल्या बायकाही अशा ठिकाणी पोहोचतात. त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगीचं दर्शन झालं की भिशीच्या सहलीची गाडी नाशिकच्या द्राक्षमळ्यांकडे वळते. गंगापूर धरणाजवळ ‘सुला’ने २००५ मध्ये वाइन चाखण्याची खोली सुरू केली, तेव्हापासून तिकडे पर्यटकांची रीघ आहे. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी लेक किंवा सून कौतुकाने वाइन बारमध्ये नेते. तिथे गेल्यावर आपण एकतर अवघडून बसतो, नाहीतर ‘मागासलेली म्हणतील’ म्हणून नको असताना ग्लास तोंडाला लावतो. मला दोन्ही पटत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ‘वाइन म्हणजे नुसता द्राक्षाचा रस’ हा गैरसमज. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाइन ही दारू नव्हेच’ असं सांगणारेही पुढे आले होते. आपण हिशेब करू. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. १५० मिलिलिटरच्या एका ग्लासात ते जवळपास १४ ग्रॅम भरतं. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये भरतं सुमारे १० ग्रॅम! त्यातून बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी, त्यामुळे तेवढीच दारू तिला जास्त चढते. दारूची कोणतीच मात्रा आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. गरोदर असाल किंवा कसल्याही गोळ्या चालू असतील, तर विषयच संपला.

आता रीतीभाती. अशा ठिकाणी दाट अत्तर लावून किंवा मोगऱ्याचा भरघोस गजरा माळून जाऊ नये. वाइनची निम्मी गंमत वासात असते, शेजारच्याचा विरस होतो. ग्लास खालच्या दांडीला धरायचा, म्हणजे हाताच्या उबेने वाइन कोमट होत नाही. ग्लास काठोकाठ भरत नाहीत, तेव्हा ‘एवढीशीच दिली’ म्हणून कुरकुर नको. चाखण्याच्या खोलीत थोडी थोडी वाइन चाखायला देतात. घोट तोंडात घोळवून बाजूच्या भांड्यात थुंकला तरी चालतो. आपल्याला ते कसंसंच वाटतं, पण तिथे ती रीतच आहे.

उपाशीपोटी जाऊ नका, मध्ये मध्ये पाणी प्या. मेन्यूवरची किंमत ग्लासची की बाटलीची, हे मागवण्याआधीच विचारा. नावं इंग्रजी-फ्रेंच असतात, ती वाचता आली नाहीत तर वाढणाऱ्याला सरळ मराठीत विचारा. माहिती देणं हे त्याचं कामच आहे, त्यात आपला काही कमीपणा नाही. आणि हो, मैत्रिणीच्या हातात ग्लास असलेला फोटो तिला न विचारता ग्रुपवर टाकू नका. तुम्हाला गंमत वाटेल, तिला मात्र सासरी महिनाभर उत्तरं द्यावी लागतील.

परतताना गाडी कोण चालवणार, हे जाण्याआधीच ठरवा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘एकच ग्लास घेतलाय, काही होत नाही’ म्हणणाऱ्याच्या गाडीत बसू नका, मग तो नवरा असो की जावई.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ‘मी घेत नाही’ हे तीन शब्द हसून, पण ठामपणे म्हणायला शिका. उपवास आहे, ॲसिडिटी आहे, अशा सबबी कशाला? लिंबू-सोडा मागवा, त्याच ग्लासाने ‘चिअर्स’ म्हणा. समोरचा भरीस घालत असेल, तर रीत तो मोडतोय, आपण नाही. तशीच दुसरी बाजूही आहे. एखादी स्वतःच्या मर्जीने एक ग्लास घेत असेल, तर तिच्या चारित्र्याचा पंचनामा आपण करायचा नाही. घरातल्या पुरुषाच्या पिण्याकडे काणाडोळा करायचा आणि बाईच्या एका घोटाची गावभर चर्चा करायची, हा कुठला न्याय?

माझा दारूला विरोध आहे आणि तो राहणारच. पण घ्यायची की नाही, हे बाईने कुणाच्या दडपणाखाली न येता स्वतः ठरवावं, हाही माझा तितकाच आग्रह आहे. आपल्या लेकी उद्या शिकायला, नोकरीला शहरात जाणार आहेत. त्यांच्याशी हे सगळं आपणच आधी मोकळेपणाने बोलायला नको का?