आधी वस्ती पाहा, मग कागद, मग भाव

कापडाचा व्यापारी थान घेताना कापड बोटांत चोळून पाहतो, उजेडात धरतो, शंका आली तर धागा ओढून जाळून पाहतो. बॅगा शिवणारा कारागीर चामडे दुमडून त्याला चीर पडते का ते तपासतो. लाकडाचा माल घेणारा गाठ आणि ओल पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाही. वीस-पंचवीस हजारांच्या मालाची एवढी पारख करणारा हाच माणूस आयुष्यभराची कमाई घालून घर घेतो, तेव्हा मात्र रविवारी दुपारी एजंटाच्या गाडीत बसून जातो, नमुन्याची खोली पाहतो, भाव विचारतो आणि मगरिबच्या आत टोकन देऊन मोकळा होतो. आपली पारख घराच्या सौद्यात कुठे जाते, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत भेंडीबाजार, डोंगरी, नागपाडा, मदनपुरा आणि कुर्ल्याच्या गल्ल्यांतून आपली असंख्य कुटुंबे उपनगरांकडे आणि त्यापलीकडे गेली. कारणे सर्वांना ठाऊक आहेत. पागडीची एक खोली आणि तिच्यात दोन-तीन भावांचे संसार. मोडकळीस आलेल्या इमारती: ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली, १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत तसाच प्रसंग घडला. त्याआधी १९९२-९३ च्या दंगलींनी अनेकांना एका रात्रीत घर सोडायला लावले. मुंब्रा-कौसा आणि मीरा रोडचे नयानगर तेव्हापासून झपाट्याने भरले. पुढे नालासोपारा, भिवंडी, कल्याण, तळोजा, पनवेल अशी रांग लागली. त्यातच चांगल्या सोसायटीत नाव ऐकताच नकार मिळतो, हा अनुभवही आपल्यातील पुष्कळांनी घेतला आहे. थोडक्यात, आपण बहुतेक वेळा आवडीने नव्हे तर गरजेने घर शोधतो. आणि गरजवंत ग्राहक पारख करीत नाही, हे बिल्डर आणि एजंट दोघांनाही चांगले माहीत असते.

आमचे म्हणणे एवढेच आहे की घर घेण्याचा आपला क्रम उलटा झाला आहे. आपण आधी भाव पाहतो, मग टोकन देतो, मग कागद मागतो आणि वस्ती कशी आहे हे राहायला गेल्यावर कळते. खरा क्रम असा हवा: आधी वस्ती, मग कागद आणि सर्वांत शेवटी भाव.

घरात राहणार कोण?

दुकानदार किंवा कारागीर सकाळी बाहेर पडतो तो रात्री नऊ-दहाला परततो. त्याच्या दृष्टीने घर म्हणजे झोपण्याची जागा. त्या वस्तीत दिवसभर राहणार आहेत ती त्याची पत्नी, मुले आणि म्हातारे आईवडील. तरीही टोकन देताना यांपैकी एकालाही विचारले जात नाही. म्हणून पहिली विनंती ही की वस्ती पाहायला घरातील स्त्रीला सोबत न्या आणि प्रश्न तिला विचारू द्या. ती लिफ्टच्या संगमरवराकडे पाहणार नाही. पाणी किती वाजता येते, महापालिकेचे येते की टँकरचे, हे ती पहिल्या मजल्यावरच्या बाईला विचारील, आणि तिला जे उत्तर मिळेल ते एजंट कधीही देणार नाही.

वस्ती एकदा पाहून कळत नाही. एकदा कामाच्या दिवशी सकाळी शाळेच्या वेळेला जा. मुले रस्ता कसा ओलांडतात ते पाहा. एकदा रात्री दहानंतर जा. गल्लीत दिवे आहेत का, नाक्यावर कोण बसलेले असते, क्लासहून उशिरा येणारी मुलगी त्या रस्त्याने एकटी येऊ शकेल का, हे पाहा. आणि शक्य असेल तर एकदा भर पावसात जा. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा रस्ता जुलैत गुडघाभर पाण्यात असू शकतो.

शाळेची चौकशी नीट करावी. शाळा आहे एवढे पुरत नाही. ती दहावीपर्यंत आहे की आठवीलाच संपते? तिला मान्यता आहे का? मुलींसाठी कनिष्ठ महाविद्यालय किती दूर आहे? पुढची शाळा दोन रिक्षा बदलून गाठावी लागत असेल, तर मुलाला बाप कसेही पाठवतो, मुलगी मात्र घरी बसते. स्वस्त घराची ही किंमत दरपत्रकात कधीच लिहिलेली नसते. त्याबरोबरच रात्री उघडा असणारा दवाखाना, मुलांना खेळायला मोकळी जागा, नमाजसाठी मशीद आणि दफनभूमी यांचीही चौकशी करावी. शेवटचा प्रश्न कोणी आधी विचारत नाही, पण घरात वडीलधारी माणसे असतील तर तो विचारायलाच हवा.

वेळ हेही भांडवल आहे

व्यापारी पैशाचा हिशेब ठेवतो, वेळेचा ठेवत नाही. समजा, मदनपुऱ्यात कारखाना असलेल्या कारागिराने शहरापासून लांब घर घेतले आणि येण्याजाण्यात रोज चार तास गेले. महिन्याचे पंचवीस कामाचे दिवस धरले तर १०० तास होतात. म्हणजे दहा तासांचे दहा पूर्ण दिवस तो लोकलमध्ये उभा असतो. यातील निम्मे तास कामाला मिळाले असते तर किती माल निघाला असता, आणि उरलेले मुलांना मिळाले असते तर काय झाले असते, याचा हिशेब त्याने घराच्या भावात धरावा. शिवाय लोकलची गर्दी ही केवळ त्रासाची बाब नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ गच्च भरलेल्या गाड्यांतून पडून प्रवाशांचे जीव गेले. त्यामुळे टोकन देण्यापूर्वी एक आठवडा तरी त्या स्थानकावरून धंद्याच्या वेळेला प्रवास करून पाहावा. कारखानाच तिकडे हलवता येत असेल तर गोष्ट वेगळी. मग तेथे कारागीर, कच्चा माल आणि पुरेशी वीज मिळते का, हे पाहावे.

कर्ज नको, पण तपासणी हवी

आता कागदाकडे येऊ. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा येथे बांधकाम चालू असलेली एक अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसे मरण पावली. २०२५ च्या आरंभापर्यंत नालासोपाऱ्यात आरक्षित जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशानुसार पाडण्यात आल्या आणि अडीच हजारांच्या आसपास कुटुंबे रस्त्यावर आली. त्याच वर्षी २७ ऑगस्टला विरारमध्ये अनधिकृत इमारत कोसळून १७ जण गेले. ज्यांची घरे पाडली गेली त्यांनीही पैसे मोजले होते, त्यांच्याकडेही चावी होती, वीजबिल होते. नव्हती ती फक्त कायदेशीर परवानगी.

आपल्या समाजात या बाबतीत एक खास अडचण आहे आणि तिच्याविषयी मोकळेपणाने बोलले पाहिजे. आपल्यातील पुष्कळ जण व्याज टाळण्यासाठी बँकेचे गृहकर्ज घेत नाहीत. ही भूमिका आदरणीय आहे. पण बँक कर्ज देताना व्याज घेते तशीच आणखी एक गोष्ट करते: तिचा वकील जमिनीचे कागद तपासतो आणि तिचा अभियंता इमारतीची किंमत ठरवतो. मंजुरी नसलेल्या इमारतीवर चांगली बँक सहसा कर्ज देत नाही. जो कर्ज घेत नाही तो व्याजापासून वाचतो, पण या तपासणीलाही मुकतो. भिशीचे, दागिन्यांचे आणि भावाबहिणींकडून उसने घेतलेले पैसे घेऊन येणारा ग्राहक अनधिकृत बिल्डरला म्हणूनच प्रिय असतो. तेव्हा बँकेचे कर्ज नको असेल तर नको, पण बँक करते ती तपासणी स्वतः पैसे खर्चून करून घ्या. स्वतंत्र वकिलाची फी घराच्या किमतीपुढे नगण्य आहे. मात्र वकील बिल्डरने सुचवलेला नसावा.

त्या वकिलाने काय पाहावे? जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मागील तीस वर्षांचा मालकीचा शोध, महापालिकेची बांधकाम परवानगी आणि इमारत पूर्ण असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला बाजारात ओसी म्हणतात. नवीन प्रकल्प असेल तर महारेराचा क्रमांक. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष त्याला स्वखर्चाने दुरुस्त करावे लागतात. पण केवळ क्रमांकावरही विसंबू नये. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या प्रकरणात महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेरा नोंदणी मिळवल्याचे उघड झाले आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. म्हणून परवानगीची खातरजमा महापालिकेच्या नगररचना विभागातच जाऊन करावी.

नोटरी केलेला कागद किंवा मुखत्यारपत्र म्हणजे मालकी नव्हे. मुखत्यारपत्राने मालमत्तेची मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. आणि घराच्या सौद्यात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. रोखीत दिलेला पैसा उद्या परत मागायचा झाला तर त्याला पुरावा कुठला?

यावर आपल्याकडचे ठरलेले उत्तर असते: “बिल्डर आपलाच माणूस आहे, पाच वेळचा नमाजी आहे.” पवित्र कुरआनातील सर्वांत लांब आयत कोणती, हे या बांधवांनी आठवावे. ती सूरह बकराची २८२ वी आयत आहे आणि तिचा विषय उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे व साक्षीदार घेणे हा आहे. लिहून घेणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे, ते आज्ञापालन आहे. जो आपला माणूस कागद मागितल्यावर रागावतो त्याच्यापासून दूर राहिलेलेच बरे.

शेजार कोणाचा?

आपल्याच लोकांची वस्ती असावी, ही इच्छा चुकीची नाही. अजान ऐकू यावी, हलाल मटण मिळावे, सणासुदीला मुलांना एकटे वाटू नये आणि वाईट दिवसांत जीव सुरक्षित राहावा, असे कोणाला वाटणार नाही? पण ही एकच कसोटी ठेवली की बाकी सर्व दोष आपण पोटात घालतो. अरबीत जुनी म्हण आहे की घराआधी शेजारी शोधावा. हदीसमध्येही प्रशस्त घराबरोबर चांगला शेजारी हा सुखाचा भाग मानला आहे. चांगला शेजारी म्हणजे जो अडचणीला धावून येतो, जिन्यात कचरा टाकत नाही आणि आपल्या मुलीला स्वतःची मुलगी मानतो. तो आपल्यात सापडतो तसा इतरांतही सापडतो. मिश्र वस्तीत कायदेशीर घर परवडत असेल आणि तेथे दार उघडे असेल, तर केवळ भीतीपोटी ते सोडू नये. म्हाडा आणि सिडकोच्या घरांची सोडत निघते. तेथे नाव ऐकून नकार देणारा एजंट नसतो. आपल्यातील किती जण तेथे अर्ज भरतात?

भाव आणि दुकानाचे भांडवल

आता भाव. घराची किंमत म्हणजे बिल्डरने सांगितलेला आकडा नव्हे. ठाणे महापालिका हद्दीत ३० लाखांचे घर घेतले तर ७ टक्के दराने मुद्रांक शुल्क २ लाख १० हजार आणि नोंदणी फी ३० हजार होते. घर स्त्रीच्या नावावर घेतल्यास शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे ३० हजार वाचतात आणि तिच्या नावावर छप्परही होते. ओसी मिळालेल्या तयार घरावर जीएसटी लागत नाही, हेही हिशेबात घ्यावे. आणि एक पथ्य पाळावे: घरासाठी दुकानाचे चालते भांडवल उपसू नये. माल भरायला पैसा उरला नाही तर सहा महिन्यांत व्याजाचाच पैसा शोधावा लागतो, मग घरासाठी टाळलेले व्याज दुकानाच्या दारातून आत येते.

कोणी म्हणेल, कायदेशीर घर महाग असते, आम्हाला परवडत नाही. ही अडचण खरी आहे. पण बेकायदा दोन खोल्यांपेक्षा कायदेशीर एक खोली चांगली, आणि तीही जमत नसेल तर आणखी काही वर्षे भाड्याने राहणे चांगले. पाडलेल्या घराचा भाव शून्य असतो.

हे सर्व एकेकट्या कारागिराला जमणे कठीण आहे, हेही मान्य. येथे जमातींनी आणि व्यापारी संघटनांनी पुढे यावे. प्रत्येक मोठ्या मोहल्ल्यात एक भरवशाचा वकील आणि एक अभियंता माफक फीवर आठवड्यातून दोन तास बसवणे अशक्य नाही. लग्नाच्या एका जेवणावळीत जेवढा खर्च होतो, त्यात वर्षभर ही सोय चालेल. जुम्याच्या नमाजनंतर दोन मिनिटे या विषयावर बोलले गेले तरी कित्येकांचे टोकन वाचेल.

बांधवांनो, माल खराब निघाला तर व्यापारी तो परत करतो. वस्ती परत करता येत नाही. मुलांचे बालपण तेथे जाते आणि मुली तेथेच मोठ्या होतात. थान चोळून पाहणारी ती बोटे घराच्या कागदावरही फिरू द्या. प्रयत्न आपला, बरकत अल्लाहची.