पोरगी परभणीला, फळगळ वावरात

पोरगी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकते. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या पात्र घरच्या मुलींची फी माफ झाली, तेवढा आधार. पण मेस, पुस्तकं, एसटी आपल्याच खिशातून.

मोसंबीची फळगळ झाली. फोनवर मी म्हणलो, "सगळं ठीक हाय." अभ्यासात मन लागावं म्हणून. तिला चुलतभावाकडून कळलं. चिडली. "अण्णा, मी मग काय शिकायला आलेय इथं?"

माझं मत असं, नुकसान लपवून पोरांना पैसे धाडू नका. घरचं वावर त्यांना परकं व्हतं.

शेवटी बागेचे फोटो पाठवले. म्हणाली, "बुडाशी पाणी साचलंय, आधी चर काढा." उद्या गडी सांगितलाय.