मुक्त ज्ञानकोश आणि आपली संदिग्ध द्रव्ये

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या डोंबिवलीतील चिकित्सालयात एक निवृत्त शिक्षिका आल्या. अनिद्रेकरिता मी त्यांना शंखपुष्पीच्या पंचांगाचा काढा लिहून दिला होता. शिक्षिकाच त्या! औषध घेण्यापूर्वी त्यांनी विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशात शंखपुष्पीचा शोध घेतला आणि गोंधळून माझ्याकडे आल्या. कल्याणच्या काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेली पुडी त्यांनी मेजावर उघडली. तिच्यात विष्णुक्रांता होती. त्यांच्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गोकर्णीची निळी फुले दिसत होती आणि तिच्या अनेक नावांत शंखपुष्पी हेही एक नाव दिले होते. माझ्या मनात होती ती भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने, म्हणजे फार्माकोपियाने, ग्राह्य धरलेली शंखपुष्पी, कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस. ‘‘डॉक्टर, यांतली तुमची कोणती?’’ असे त्यांनी शांतपणे विचारले.

दुकानदाराला दोष देता येत नव्हता, कारण विष्णुक्रांता शंखपुष्पी म्हणून विकली जाते हे आपण सारेच जाणतो. ज्ञानकोशही चुकला नव्हता, कारण केरळात गोकर्णीलाच शंखपुष्पी मानतात. चूक चिठ्ठीवर केवळ ‘शंखपुष्पी’ एवढेच लिहिणाऱ्या वैद्याची, म्हणजे प्रस्तुत लेखकाची होती. त्या प्रश्नाने मला या ज्ञानकोशाकडे गंभीरपणे पाहावयास लावले. जे दिसले आणि जे सुचले, ते व्यवसायबंधू-भगिनी आणि औषधी दुकानांचे चालक यांच्यापुढे ठेवीत आहे.

विकिपीडियाचा प्रारंभ १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत झाला. मराठी आवृत्ती १ मे २००३ पासून आहे. इंग्रजीत आज सुमारे सत्तर लाख लेख आहेत, तर मराठीतील संख्या लाखाच्या घरात आहे. विषयांचा पसारा पाहून माणूस थक्क होतो. दुर्गाडी किल्ला, उल्हास नदी, रेल्वे स्थानके, क्रिकेटपटू, चित्रपट, ग्रहतारे, संतकवी आणि वनस्पती, सारे एकाच छताखाली नांदते. आपल्या भाषेला कोशकार्य नवे नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. त्या कोशांत संपादक निश्चित असे आणि लेखक निमंत्रित असे. या नव्या कोशात आमंत्रण कोणालाच नाही, म्हणून ते सर्वांना आहे. ज्याला ज्या विषयाची आवड, तो त्या विषयावर लिहितो. परिणामी ज्या विषयाला कार्यकर्ते मिळाले तो बहरला आणि ज्याला मिळाले नाहीत तो उजाड राहिला. आपला विषय मराठीत अद्याप दुसऱ्या गटात मोडतो.

आपल्यापैकी अनेकांचा या ज्ञानकोशावर राग आहे आणि त्याचे कारणही स्पष्ट आहे. त्याच्या इंग्रजी लेखात आयुर्वेदाची गणना छद्मविज्ञानात केली आहे. त्याविरुद्ध औषधनिर्मात्यांची एक संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने याचिका विचारात घेण्यास नकार दिला; लेखात बदल करण्याचा मार्ग तुम्हांला खुला आहे, असे सुचविले. आपल्या वर्तुळात त्यावर पुष्कळ संताप व्यक्त झाला. माझे मत निराळे आहे. न्यायालयाने आपल्याला लेखणी हाती घ्या असे सांगितले आणि आपण ती घेतली नाही.

वास्तविक एकाने लिहावे, दुसऱ्याने शोधावे, तिसऱ्याने पूर्ण करावे, ही पद्धत आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. अग्निवेशाच्या तंत्राचे चरकाने प्रतिसंस्करण केले. पुढे दृढबलाने चिकित्सास्थानाचे १७ अध्याय, तसेच संपूर्ण कल्पस्थान व सिद्धिस्थान, असे १२० पैकी ४१ अध्याय पूर्ण केले आणि आपण काय भर घातली हे ग्रंथातच नमूद केले. ज्ञानकोशातील प्रत्येक लेखाला ‘इतिहास’ नावाचे पान असते. कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला, हे तेथे दिसते. शेजारी चर्चेचे पान असते. विमानस्थानात संधाय आणि विगृह्य असे संभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत. त्या चर्चापानांवर दोन्ही पाहावयास मिळतात. आपण तेथे जातो ते बहुधा विगृह्य संभाषेच्या आवेशात आणि म्हणून परतही लवकर येतो.

ज्ञानकोशाचा एक नियम मात्र आपल्याला जड जाईल. तेथे स्वानुभव चालत नाही. ‘मी वीस वर्षे हे औषध देतो’ हे वाक्य कितीही सत्य असले तरी संदर्भाशिवाय टिकत नाही. रोगनाशाच्या दाव्यांसाठी तर अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा मागितला जातो. हा नियम आपल्याविरुद्धचा कट आहे असे मला वाटत नाही. हळदीचे उदाहरण आठवावे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. घरोघरी आजी हळद लावते, एवढे सांगून ते रद्द झाले नाही. प्राचीन ग्रंथांतील उल्लेख आणि १९५३ मधील एका वैद्यकीय नियतकालिकातील लेख असे छापील पुरावे पुढे ठेवावे लागले. लिहिलेले आणि दाखविता येणारे ज्ञानच परक्या दरबारात उभे राहते.

म्हणून माझी सूचना अशी की, गुणांच्या वादापासून आरंभ न करता द्रव्याच्या ओळखीपासून करावा. तेथे आपली भूमी भक्कम आहे आणि गरजही तातडीची आहे. ब्राह्मी म्हणून बाजारात बॅकोपा मोनिएरी मिळते, तशीच मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिकाही मिळते. रास्ना म्हणून उत्तरेत प्लुचिया लॅन्सिओलाटा, तर दक्षिणेत कुलिंजनाच्या जातीचे मूळ घेतात. ठाण्यातील गृहसंकुलांच्या कुंपणालगत उभा असलेला उंच, सरळ ‘अशोक’ आपल्या अशोकारिष्टातील अशोक नव्हे, हे किती रुग्णांना ठाऊक आहे? ज्ञानकोशात एकाच नावाच्या अनेक वस्तूंसाठी निःसंदिग्धीकरणाचे पान असते. आपल्या निघंटूंतील संदिग्ध द्रव्यांच्या प्रश्नासाठी याहून योग्य चौकट मला तरी दिसत नाही.

ओळखीचा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, हे २०२१ मध्ये गुळवेलीने दाखवून दिले. करोनाच्या साथीत गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांना यकृताची इजा झाल्याचा अहवाल मुंबईतील चिकित्सकांनी प्रसिद्ध केला. रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली याची खातरजमा झालेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला आणि टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया व टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेदाकडे लक्ष वेधले. आक्षेप योग्यच होता. परंतु शेजारच्या झाडावरून कोणती वेल तोडावी, कोणती तोडू नये, हे सामान्य मराठी माणसाला समजेल असे आपण कोठे लिहून ठेवले होते? आज गुळवेलीवर लिहिताना तो अहवाल आणि तो आक्षेप, दोन्ही नोंदविले पाहिजेत. गैरसोयीचे वाक्य गाळणाऱ्याच्या सोयीच्या वाक्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

या कामात औषधी दुकानांच्या चालकांचा वाटा वैद्यांइतकाच मोठा आहे. अशोकाची अस्सल साल आणि तिच्या नावाखाली येणारी दुसरी साल त्यांच्या हातांखालून रोज जाते. दोन्हींची स्वच्छ छायाचित्रे काढून ज्ञानकोशाच्या भांडारात ठेवणे हे एका दुपारचे काम आहे. मुरबाड-शहापूरच्या रानांतून मुळ्या-साली आणणाऱ्या ठाकूर आणि कातकरी बांधवांनी दिलेली स्थानिक नावेही, छापील आधार शोधून, नोंदविता येतील. जुन्या मराठी वैद्यकग्रंथांच्या शोधासाठी कल्याणचे १८६४ पासूनचे सार्वजनिक वाचनालय आणि ठाण्याचे १८९३ पासूनचे मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्या दाराशी आहेत. एक पथ्य मात्र कठोरपणे पाळावे. स्वतःच्या कारखान्याच्या अरिष्टाविषयी किंवा स्वतःच्या चिकित्सालयाविषयी तेथे लिहू नये. जाहिरात आढळली की ती पुसली जातेच, शिवाय लिहिणाऱ्याची पत जाते आणि त्याच्याबरोबर आपल्या साऱ्यांची.

कोणी म्हणेल, रुग्ण तपासावेत की संगणकापुढे बसावे? शंका रास्त आहे. म्हणून अपेक्षा लहानच ठेवतो. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील सभासदांनी प्रत्येक तिमाहीत एकेक संदिग्ध द्रव्य घ्यावे. एकाने संहिता व निघंटू पाहावेत, दुसऱ्याने औषधिकोशातील ओळख लिहावी, तिसऱ्याने बाजारातील नमुन्यांची छायाचित्रे द्यावीत आणि चौथ्याने सारे सुबोध मराठीत उतरवावे. वर्षअखेरीस तीन गावांची मिळून बारा पाने होतील. लाखभर लेखांच्या पसाऱ्यात बारा ही संख्या क्षुल्लक आहे. पण त्या बारांपैकी एखादे पान औषधाची पुडी हातात धरलेला कोणी रुग्ण वाचत असेल.

त्या शिक्षिकांना मी नवी चिठ्ठी लिहून दिली. द्रव्याच्या नावापुढे कंसात शास्त्रीय नाव लिहिले आणि दुकानदारालाही दूरध्वनी करून तेच सांगितले. तेव्हापासून संदिग्ध द्रव्ये मी तशीच लिहितो. जे एका चिठ्ठीवर करता आले, ते सर्वांना वाचता येईल अशा जागी करणे आता बाकी आहे. पुढील तिमाहीसाठी शंखपुष्पी मी माझ्याकडे घेत आहे. ब्राह्मी कोण घेणार, हे सभासदांनी कळवावे, ही नम्र विनंती.